केरी जेम्स मार्शल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केरी जेम्स मार्शल यांची चित्रं पडद्यावर दाखवली की खोलीत आधी शांतता पसरते आणि मग प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं चित्रकलेच्या विद्यार्थ्यांकडून आणि चित्रांची आवड असलेल्या मित्रमंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

केरी जेम्स मार्शल कोण आहेत?

शिकागोत राहणारे अमेरिकन चित्रकार. जन्म १७ ऑक्टोबर १९५५, अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम शहर. बालपण लॉस एंजेलिसमध्ये गेलं. तिथल्याच ओटिस कलाशाळेतून १९७८ मध्ये त्यांनी पदवी घेतली. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या स्टुडिओ म्युझियममध्ये निवासी चित्रकार म्हणून ते राहिले आणि १९८७ मध्ये शिकागोला गेले, ते तिथलेच झाले. १९९७ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये शिकागोत सुरू झालेलं ‘मास्ट्री’ हे त्यांच्या साडेतीन दशकांच्या कामाचं प्रदर्शन पुढे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला गेलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत ‘द हिस्टरीज’ हे मोठं प्रदर्शन उघडलं.

ही झाली माहिती. एका वाक्यात सांगायचं तर, सलूनमध्ये केस कापून घेणारी, बागेत काम करणारी, घरात नाचणारी काळी माणसं त्यांनी अशा आकारात आणि अशा तयारीने रंगवली, जी युरोपच्या चित्रकलेने राजे, संत आणि सेनापतींसाठी राखून ठेवली होती.

त्यांच्या चित्रांतली माणसं इतकी काळी का असतात? एवढा काळा रंग खऱ्या माणसाचा असतो का?

हा प्रश्न नेहमी पहिला येतो. विचारणारे थोडे संकोचून विचारतात. संकोचाचं काही कारण नाही, कारण मार्शल यांना हाच प्रश्न पडायला हवा आहे.

१९८० मध्ये त्यांनी एक छोटं चित्र केलं. वहीच्या पानाएवढा कागद, त्यावर अंड्याच्या बलकात कालवलेला रंग. काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस. दिसतात ते फक्त डोळे, शर्टाचा पांढरा तुकडा आणि एक दात नसलेलं मोठं हसू. त्यामागे राल्फ एलिसन यांच्या १९५२ सालच्या ‘इनव्हिजिबल मॅन’ या कादंबरीची प्रेरणा होती. त्या कादंबरीतला काळा नायक कुणाला दिसत नाही, कारण लोक त्याच्याकडे बघायलाच तयार नसतात. समोर आहे आणि तरी दिसत नाही, ही अवस्था चित्रात कशी आणायची, याचं उत्तर मार्शल यांना काळ्यावर काळा ठेवण्यात सापडलं.

तिथून त्यांनी एक निर्णय घेतला आणि आजतागायत सोडला नाही. आपल्या चित्रांतली माणसं तपकिरी, गव्हाळ, ‘जरा उजळ’ अशी असणार नाहीत. ती काळीच असतील. अमेरिकेत ‘ब्लॅक’ हा शब्द माणसांना लावला जातो ना, मग तो शब्द शब्दशः घ्यायचा आणि त्यातच सौंदर्य उभं करून दाखवायचं.

मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. आपण पंढरपूरच्या काळ्या पाषाणातल्या रूपाला डोळे भरून बघतो, त्याला लाडाने ‘सावळा’ म्हणतो, आणि घरात मूल जन्मलं की पहिल्यांदा रंग विचारतो. काळ्याचं वैभव ठाऊक असणं आणि ते माणसाच्या कातडीवर मान्य करणं, यात केवढं अंतर आहे ते आपल्याला घरबसल्या माहीत आहे.

हा काळा ते तयार कसा करतात? नुसता ट्यूबमधला रंग असतो का?

सुरुवातीला जवळजवळ तसंच होतं; आकृती सपाट, छायेसारखी दिसायची. पुढे त्यांनी काळ्या रंगाचा असा अभ्यास केला की आज त्यांच्याइतकं त्यावर प्रभुत्व असलेला चित्रकार दाखवणं कठीण आहे.

दुकानात मिळणारे काळे मुख्यतः तीन. आयव्हरी ब्लॅक, जो पूर्वी हस्तिदंत जाळून करत आणि आता हाडांच्या कोळशापासून होतो. कार्बन ब्लॅक, म्हणजे आपल्या काजळीचा सख्खा भाऊ. आणि मार्स ब्लॅक, जो लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनतो. तिघांना शेजारी शेजारी ओढून बघा. एक उबदार, एक निळसर, एक जड आणि मातकट वाटतो. ‘काळा तो काळाच’ हा समज तिथेच गळून पडतो.

मार्शल हे तीन काळे घेतात आणि त्यांत कोबाल्ट निळा, क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा, जांभळा असे रंग मिसळतात. तिनाचे अनेक काळे होतात. गालाचं हाड, कपाळावरचा उजेड, मानेखालची सावली हे सगळं या वेगवेगळ्या काळ्यांनी घडतं. उजेड दाखवायला पांढरा मिसळायचा ही आपल्याला कलाशाळेत लागलेली सवय इथे चालत नाही. पांढरा पडला की काळा राखाडी होतो, त्यातला जीव जातो.

विद्यार्थ्यांना माझं सांगणं असतं: तीन काळे विकत आणा, एक निळा आणा आणि पांढऱ्याची ट्यूब कपाटात ठेवून एक चेहरा करून बघा. दोन तासांत मार्शल यांच्याबद्दलचा आदर दुप्पट होतो.

त्यांच्या बालपणाचा चित्रांशी काय संबंध?

खूप. १९५५ चं बर्मिंगहॅम हे वर्णभेदाच्या कायद्यांनी घट्ट बांधलेलं शहर होतं. १९६३ मध्ये हे कुटुंब लॉस एंजेलिसला गेलं. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅममधल्या सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मेल्या. लॉस एंजेलिसमध्ये हे लोक वॉट्स भागातल्या निकर्सन गार्डन्स या सरकारी वसाहतीत राहिले, आणि १९६५ मध्ये वॉट्समध्येच दंगल पेटली. पुढे ते साउथ सेंट्रल भागात राहायला गेले, तिथे जवळच काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचं कार्यालय होतं. डिसेंबर १९६९ मध्ये पोलिसांनी त्या कार्यालयाला वेढा घातला आणि काही तास गोळीबार चालला. मार्शल तेव्हा चौदा वर्षांचे होते. अशा ठिकाणी वाढल्यावर सामाजिक जबाबदारीची जाणीव होणारच, असं ते स्वतः सांगतात.

‘पँथर’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या त्या पक्षाचं नाव सहा वर्षांनी मुंबईत उचललं गेलं. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही नावं महाराष्ट्रभर झाली.

पण त्यांच्या बालपणात दंगली आणि गोळीबारच होते असं समजू नका. बर्मिंगहॅममध्ये बालवर्गाच्या बाईंकडे चित्रं चिकटवलेली एक जाड वही होती आणि ती चाळायला मिळणं हे मोठं बक्षीस होतं. चित्रकार व्हायची इच्छा त्या वहीतून आली असं मार्शल सांगतात. पुढे शाळकरी वयातच एका पुस्तकात त्यांना चार्ल्स व्हाइट या काळ्या चित्रकाराचं काम दिसलं. हा माणूस जिवंत आहे आणि याच शहरात ओटिस कलाशाळेत शिकवतो हे कळल्यावर मुलाने ठरवूनच टाकलं की शिकायचं ते तिथेच. आणि ते शिकले. आपल्यासारखा दिसणारा एक चित्रकार खोलीच्या दारात उभा दिसणं ही किती मोठी गोष्ट असते, हे ज्यांना तसं कुणी कधी दिसलं नाही त्यांना विचारावं.

सुरुवात कुठल्या चित्रापासून करावी?

माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘डी स्टाइल’, १९९३.

पुरुषांचं सलून आहे. चित्र सुमारे साडेआठ फूट उंच आणि दहा फूट रुंद, म्हणजे आतली माणसं जवळजवळ खऱ्या मापाची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आहे, बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघत आहेत आणि सगळे सरळ आपल्याकडे बघतात. काहींच्या केसांची रचना इतकी उंच आणि नक्षीदार की मुकुटच वाटावा. काचेवर दुकानाचं नाव आहे, ‘पर्सीज हाउस ऑफ स्टाइल’. आरसे, बाटल्या, विजेच्या वायरी, सगळं जिथल्या तिथे.

आता केस कापणाऱ्या कारागिराकडे बघा. त्याचा हात वर उचललेला आहे आणि डोक्यामागे प्रभावळ आहे. चर्चमधल्या जुन्या चित्रांत आशीर्वाद देणारा ख्रिस्त असा असतो. इथे तो मान आठवडाभर राबून शनिवारी केस नीट करून घ्यायला येणाऱ्या माणसांच्या कारागिराला मिळाला आहे. शीर्षकातही एक गंमत आहे. १९१७ च्या सुमारास हॉलंडमध्ये ‘डे स्टाइल’ नावाची चळवळ होती, पीट मोंड्रियान तिचा प्रमुख चित्रकार. लाल, पिवळा, निळा आणि सरळ रेषा एवढ्यावर ती उभी होती. मार्शल यांच्या सलूनची कपाटं आणि भिंती बघा, तेच रंग आणि त्याच आडव्या-उभ्या रेषा. युरोपची आधुनिक चित्रकला आणि गल्लीतलं सलून यांना त्यांनी एकाच फळीवर आणून ठेवलं.

हे चित्र त्याच वर्षी लॉस एंजेलिस काउंटी म्युझियमने विकत घेतलं. एखाद्या संग्रहालयाने त्यांचं मोठं चित्र घेण्याची ती पहिली वेळ.

बायकांच्या पार्लरच्या चित्रात जमिनीवर ते वेडंवाकडं पिवळं काय आहे?

‘स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर’, २०१२. वर सांगितलेल्या सलूनचं हे जोडचित्र म्हणता येईल. आरसे, पोस्टर, गप्पा, एकमेकींचे केस करणाऱ्या बायका, मधोमध एक जण झोकात उभी. आणि समोर जमिनीवर तरंगणारा तो ताणलेला आकार. कोनातून, बाजूने बघितलं तर कळतं की ते सोनेरी केसांच्या परीकथेतल्या राजकन्येचं, झोपलेल्या सौंदर्यवतीचं, कार्टूनमधलं डोकं आहे.

हान्स होल्बाइन याने १५३३ मध्ये ‘द अँबॅसेडर्स’ या चित्रात नेमकं असंच ताणलेलं माणसाच्या कवटीचं चित्र जमिनीवर टाकलं होतं. श्रीमंत माणसांच्या खोलीत मृत्यू असा हजर असतो म्हणून. मार्शल यांनी कवटीच्या जागी गोऱ्या सौंदर्याची मूर्ती ठेवली. पार्लरमधल्या एकाही बाईचं तिकडे लक्ष नाही. लक्ष आहे ते एका लहानग्याचं, तो वाकून तिच्याकडे बघतो आहे. मला त्या लहानग्याची काळजी वाटते, दर वेळी वाटते. चित्र बर्मिंगहॅमच्या कलासंग्रहालयात आहे, म्हणजे चित्रकाराच्या जन्मगावी.

‘गार्डन’ मालिका म्हणजे काय?

अमेरिकेतल्या गरिबांसाठीच्या सरकारी वसाहतींच्या नावांत ‘गार्डन्स’ हा शब्द सर्रास असतो. निकर्सन गार्डन्स, स्टेटवे गार्डन्स, वेंटवर्थ गार्डन्स. बातम्यांतून लोकांना या वसाहती गुन्हेगारी आणि हताशा यांसाठीच माहीत. मार्शल स्वतः अशा ठिकाणी वाढले होते. तिथे हिरवळ होती, खेळ होते, शेजार होता, हे त्यांना आठवत होतं. १९९४-९५ मध्ये त्यांनी या वसाहतींची मोठी चित्रं केली.

त्यांतलं ‘मेनी मॅन्शन्स’ शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पांढरे शर्ट आणि टाय घातलेले तीन पुरुष फुलांच्या वाफ्यात काम करत आहेत, मागे स्टेटवे गार्डन्सच्या उंच इमारती. निळे पक्षी चोचीत फीत धरून उडत आहेत. बायबलमध्ये ‘माझ्या पित्याच्या घरात’ असं जे वाक्य आहे, ते इथल्या लाल फितीवर ‘माझ्या आईच्या घरात’ असं झालं आहे. फुलं मुद्दाम फार गोड रंगवली आहेत, काही ठिकाणी रंगाचे ओघळ आणि डाग तसेच सोडले आहेत. स्वप्न आणि वास्तव दोन्ही एकाच कॅनव्हासवर राहतात. पुढे स्टेटवेच्या इमारती पाडून टाकण्यात आल्या. आता त्या या चित्रात आहेत.

एक चित्र दोन कोटी डॉलरला गेलं म्हणतात, खरं का? चित्रकाराला किती मिळाले?

खरं आहे. ‘पास्ट टाइम्स’, १९९७. तळ्याकाठी सहलीला आलेलं काळं कुटुंब: चटईवर बसलेली माणसं, गोल्फ, क्रोके, पाण्यावर स्कीइंग, रेडिओवरची गाणी. शिकागोचं मॅकॉर्मिक प्लेस हे संमेलन केंद्र चालवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने ते २५,००० डॉलरला घेतलं होतं. मे २०१८ मध्ये सदबीजच्या लिलावात ते २ कोटी ११ लाख डॉलरला विकलं गेलं. हयात आफ्रिकन-अमेरिकन चित्रकाराच्या कामाला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती.

चित्रकाराला त्यातलं काही मिळालं नाही. अमेरिकेत चित्र पुन्हा विकलं गेल्यावर चित्रकाराला वाटा देण्याचा कायदा नाही.

ग्रंथालयातल्या चित्रावरून वाद झाला होता तो काय?

१९९५ मध्ये शिकागोच्या पश्चिम भागातल्या लेगलर या सार्वजनिक ग्रंथालयासाठी मार्शल यांनी ‘नॉलेज अँड वंडर’ हे तेवीस फूट लांबीचं चित्र केलं. मानधन १०,००० डॉलर. पाठमोरी मुलं आणि मोठी माणसं एका अद्भुत पुस्तकी विश्वाकडे बघत उभी आहेत. त्या वस्तीतली मुलं पुस्तकं घ्यायला येणार, मान वर करणार आणि स्वतःला तिथे बघणार, अशी ती योजना.

‘पास्ट टाइम्स’च्या लिलावानंतर त्याच वर्षी महापौर राम इमॅन्युएल यांनी हे चित्र विकून ग्रंथालयासाठी पैसा उभा करायचं ठरवलं. अंदाज होता एक ते दीड कोटी डॉलरचा. मार्शल यांनी उघड नाराजी व्यक्त केली, शहरात गदारोळ झाला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये चित्र लिलावातून मागे घेतलं गेलं.

ग्रंथालयाला पैसे हवे होते, ही गरज खोटी नव्हती. तरीही माझं मत स्पष्ट आहे: गरीब वस्तीच्या भिंतीवर चांगलं चित्र असलं की ते ‘मालमत्ता’ ठरतं आणि श्रीमंत वस्तीत असलं की ‘वारसा’ ठरतं, हे चालू देता कामा नये.

त्यांच्या चित्रांत आनंदच आहे का? दुःख, हिंसा?

दुःखही आहे, हिंसाही आहे, पण ती वेगळ्या दारातून येते. ‘द लॉस्ट बॉइज’ (१९९३) मध्ये दोन लहान मुलं आहेत, एकाच्या हातात खेळण्यातली बंदूक. ‘सुव्हेनिर’ मालिकेत (१९९७-९८) नीटनेटकी बैठकीची खोली आहे, पंख असलेली एक बाई फुलं लावते आहे आणि वर ढगांत साठच्या दशकात मारले गेलेल्यांचे चेहरे. आपल्याकडे दिवंगतांच्या फोटोला हार घालून बैठकीच्या खोलीत लावतात, तसाच तो शोक घरातला आहे, रोजच्या झाडलोटीसोबत चालणारा. २०१५ मध्ये त्यांनी गाडीच्या बॉनेटवर बसलेला काळा पोलीस रंगवला. तो कोणाच्या बाजूचा हे चित्र सांगत नाही.

लंडनच्या प्रदर्शनातल्या नव्या चित्रांत तर त्यांनी गुलामांच्या व्यापारातला आफ्रिकी लोकांचा सहभागही घेतला. आपल्या माणसांवर प्रेम आहे म्हणून त्यांचा इतिहास धुऊन घ्यायचा नाही, ही त्यांची शिस्त मला फार मोलाची वाटते.

मात्र मारहाण, रक्त, जखमी शरीर हे ते क्वचितच दाखवतात. काळं शरीर फक्त सोसणारं म्हणून दाखवलं की बघणाऱ्याला दया येते, आणि दया येणं म्हणजे बरोबरीने बघणं नव्हे.

मराठीत ‘कृष्णवर्णीय’ लिहावं की ‘काळे’?

वर्तमानपत्रं ‘कृष्णवर्णीय’ लिहितात, ते सभ्य आहे आणि चूकही नाही. पण मार्शल यांच्याबद्दल लिहिताना मी ‘काळा’ वापरतो. त्यांचं सगळं काम त्या साध्या शब्दाला मान मिळवून देण्याचं आहे. संस्कृत शब्दाचं पांघरूण घातलं की आपणच तो शब्द लाजिरवाणा ठरवतो. ‘निग्रो’ मात्र जुन्या मराठी पुस्तकांत कितीही आढळला तरी आज वापरू नये.

एक बारकावा. २०२० पासून अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने या अर्थाचा ‘ब्लॅक’ मोठ्या अक्षराने लिहायला सुरुवात केली. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत. तो आदर आपल्याला वाक्यातूनच आणावा लागतो.

चर्चच्या खिडक्यांचं काय?

वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये १९५३ पासून रॉबर्ट ई. ली आणि स्टोनवॉल जॅक्सन या, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सेनापतींचा गौरव करणाऱ्या रंगीत काचा होत्या. २०१७ मध्ये त्या काढल्या. त्या जागी मार्शल यांनी रचलेल्या काचा २३ सप्टेंबर २०२३ रोजी बसल्या: न्याय्य वागणुकीचे फलक धरून चालणारी माणसं. मानधन त्यांनी घेतलं १८ डॉलर ६५ सेंट. १८६५ हे यादवी युद्ध संपल्याचं आणि गुलामगिरी कायद्याने बंद झाल्याचं वर्ष.

ही चित्रं कुठे बघायला मिळतील?

भारतात मोठं प्रदर्शन पाहायला मिळेल याची वाट न बघता, अमेरिकेत नातेवाईक असतील तर तिकडच्या मुक्कामात एक दिवस राखून ठेवा. शिकागोतल्या मराठी मंडळींचं नशीब सर्वांत चांगलं. आर्ट इन्स्टिट्यूट आणि म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्ट दोन्ही तिथे, शिवाय कल्चरल सेंटरच्या गार्लंड कोर्टकडच्या भिंतीवर २०१७ चं प्रचंड भित्तिचित्र फुकट बघता येतं. शिकागोच्या सांस्कृतिक आयुष्यातल्या वीस स्त्रिया त्यात झाडांच्या खोडांवर कोरल्यासारख्या रंगवल्या आहेत. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स आणि ओप्रा विन्फ्रीही त्यांत आहेत. हे डिझाइन त्यांनी एक डॉलरला केलं. न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि मोमा हे आधुनिक कलेचं संग्रहालय, लॉस एंजेलिसला काउंटी म्युझियम. युरोपात लंडननंतर झ्युरिक आणि पॅरिस अशी ‘द हिस्टरीज’ प्रदर्शनाची वाट ठरली.

तोवर फोनवर बघितली तर चालतील का?

चालतील, पण एक काळजी घ्या. फोनच्या पडद्यावर त्यांचे वेगवेगळे काळे एकजीव होऊन जातात आणि चेहरे सपाट दिसतात. खोलीतला दिवा बंद करा, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा आणि चित्र मोठं करून एकच चेहरा घ्या. पहिले काही क्षण नुसता अंधार दिसेल. डोळे सरावले की कपाळाजवळ निळा, ओठांपाशी जांभळट आणि मानेला हिरवट काळा वेगळा होऊ लागतो.

यांच्याच वाटेवरचे आणखी कोण?

एमी शेरल्ड, जॉर्डन कॅस्टील आणि नायजेरियात जन्मलेल्या एन्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बी. शेरल्ड यांनी मिशेल ओबामांचं २०१८ चं व्यक्तिचित्र केलं. त्या कातडी राखाडी छटांत रंगवतात, म्हणजे मार्शल यांच्या अगदी उलट उपाय. दोघांची चित्रं शेजारी ठेवून बघा, तासभर वाद घालता येतो.